उन्हात दिसेल असा टॅब्लेट

ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, टॅब्लेट लावून पहिल्यांदा उडालो तेव्हा पडद्यावर मला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे माझं तोंड. पांढरी टोपी, काळा गॉगल आणि मागे ढग. नकाशा कुठेतरी त्याच्या खाली होता. तळव्याने सावली धरली की एखादी निळी रेघ दिसायची, हात काढला की पुन्हा मीच. मागच्या सीटवरचे काका पाचेक मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "तू टीव्ही बघतोयस की विमान उडवतोयस?"

हे काका म्हणजे आमच्या क्लबचे प्रशिक्षक, वय ६८, अस्सल जर्मन. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, चौदा वर्षांचं पोरगंसुद्धा त्यांना नावाने हाक मारतं. मला ते अजून जमत नाही. तोंडाने जर्मनमधलं 'डू' म्हणतो, मनात काकाच म्हणतो.

मी मूळचा हडपसरचा. तिथल्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाला लटकून लहानपणी कित्येक रविवार घालवलेत. विंचची, म्हणजे तार गुंडाळून ग्लायडर वर ओढणाऱ्या यंत्राची, तार मांज्यासारखी ताणली जायची, ग्लायडर नाक वर करून चढायचं, तार सुटायची आणि मग कसलाच आवाज नाही. आत बसायचा योग मात्र पस्तिशी उलटल्यावर, नोकरीसाठी श्टुटगार्टला आल्यावर आला. इथून जवळच श्वेबिश आल्ब नावाचं पठार आहे. त्याची वायव्येची कडा पाहिली की आपला घाटमाथा आठवतो. उंची जेमतेम तीन-चारशे मीटर, म्हणजे कोकणकड्यापुढे अगदीच बाळ. पण वारा त्या कड्यावर आपटून वर चढतो, दुपारी पठार तापलं की थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, उठतात, आणि त्यामुळे या भागात ग्लायडरचे क्लब गल्लोगल्ली आहेत. शेम्प-हिर्थ ही ग्लायडर बनवणारी नावाजलेली कंपनीही इथल्याच किर्खहाइम उंटर टेक गावची.

२०२२ च्या शरदात लायसन्स मिळालं आणि डोक्यात सिल्व्हर बॅज शिरला. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पाच तासांचं उड्डाण, १,००० मीटरची चढाई आणि ५० किलोमीटरचा पल्ला. आजवर मी विमानतळ नजरेआड होऊ न देता उडत होतो. पल्ला गाठायचा म्हणजे घर सोडायचं, आणि घर सोडलं की दोन प्रश्न सतत मानगुटीवर बसतात. मी कुठे आहे? आणि इथून पुढच्या विमानतळावर पोचतो का?

पहिल्या प्रश्नाला कागदी नकाशा पुरतो. ग्लायडरवाल्यांसाठी १:५,००,००० प्रमाणाचा वेगळा नकाशा दर वसंतात नवा निघतो आणि चालू आवृत्ती जवळ ठेवायचीच असते. पण श्टुटगार्ट विमानतळाभोवतीचं नियंत्रित हवाई क्षेत्र उलट्या ठेवलेल्या पायऱ्यांसारखं आहे. विमानतळाजवळ ते पार जमिनीपर्यंत, जसजसं लांब जावं तसतसा त्याचा तळ वर सरकतो. थर्मलमध्ये गोल गोल फिरता फिरता आपण कुठल्या पायरीखाली आहोत हे कागदावर बोट ठेवून शोधायचं म्हणजे चालत्या एस्टीत सुईत दोरा ओवणं.

दुसऱ्या प्रश्नाचं गणित वरवर सोपं. क्लबचं एकसीटी एएसके-२३ वापरायचं होतं, त्याचं ग्लाइड गुणोत्तर ३४. म्हणजे स्थिर हवेत १,००० मीटर उंचीवरून ३४ किलोमीटर. हे झालं कागदावर. समोरून वारा असेल, मध्ये हवा खाली बसत असेल, तर तेच ३४ चे २० होतात. जुनी माणसं सरळ २० ते २५ धरतात आणि सुखाने घरी येतात. टॅब्लेटवरचं ॲप हे गणित वारा धरून, ग्लायडरचा पोलर (कुठल्या वेगाला तो किती खाली बसतो त्याचा आलेख) धरून, दर सेकंदाला करतं. मला नकाशापेक्षा ते उत्तर हवं होतं.

बजेट २०० युरो, त्यात सगळं. खास ग्लायडरसाठी बनवलेले संगणक मिळतात, उन्हात झकास दिसतात, पण त्या पैशांत आम्हा दोघांची पुण्याची जाऊन-येऊन तिकिटं निघतात. बायकोने हे वाक्य उच्चारायची वेळ मी येऊ दिली नाही.

घरात जुना आयपॅड पडून होता, म्हणून सुरुवात तिथून. श्टुटगार्टमध्ये त्यावर माझा निळा ठिपका अचूक दिसायचा. विमानतळावर नेला तर ठिपका क्लबहाउसवर बसला तो हलेचना. मी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला चालत गेलो, ठिपका अजून कॉफीच्या मशिनपाशीच. तेव्हा कळलं की नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. शहरात तो आजूबाजूच्या वाय-फायवरून जागा ताडतो. सिमकार्डवाल्या आयपॅडमध्ये चिप असते, आणि ती चालायला सिमकार्ड घालायचीही गरज नसते. ही एक ओळ मला आधी कुणी सांगितली असती तर ती भर उन्हातली पायपीट वाचली असती.

ॲप ठरवायला फार वेळ लागला नाही. इंजिनाच्या छोट्या विमानांचे युरोपातले लोक स्कायडेमन वापरतात. मार्ग आखायला, हवाई क्षेत्राचे इशारे द्यायला ते उत्तमच. पण त्याच्या डोक्यात इंजिन गृहीत आहे, आणि मला थर्मल आणि शेवटचा ग्लाइड, म्हणजे आहे त्या उंचीवरून मुक्कामी पोचायचं गणित, हवं होतं. सीयू नेव्हिगेटर ग्लायडरसाठीच आहे, आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हीवर चालतं, दिसायलाही देखणं, पण पैसे दरवर्षी. एक्ससी-सोअर फुकट, मुक्त स्रोत, आणि अँड्रॉइडवर झकास चालतं. पहिल्यांदा उघडलं तर सरकारी कचेरीतला फॉर्म उघडल्यासारखं वाटलं. चहूबाजूंनी आकड्यांच्या चौकटी, मेनू कुठे आहे ते शोधायलाच दहा मिनिटं. पण यात सगळं आपण भरायचं असतं आणि भरता भरताच शिकणं होतं: जमिनीच्या उंचसखलपणाची फाइल, विमानतळांची यादी, ओपनएअर स्वरूपातली हवाई क्षेत्रांची फाइल, आपल्या ग्लायडरचा पोलर, आणि पोचताना किती मीटर शिल्लक हवेत ती सुरक्षित उंची. मी २०० मीटर टाकली. काकांनी ती पाहून ३०० केली.

हिवाळ्यातल्या रात्री लॅपटॉपवर कॉन्डॉर हा ग्लायडिंगचा सिम्युलेटर लावायचो आणि त्यातून निघणारी जीपीएसची माहिती ॲपला पाजायचो. सोफ्यावर बसून मी अख्खी आल्ब चारदा पार केली. सोफ्यावर ऊन नसतं, हा मुद्दा तेव्हा लक्षात आला नाही.

पहिला टॅब्लेट मी तिथेच फसून घेतला. १० इंची, कोराकरकरीत, १२० युरो. दुकानात नुसता चमकत होता. विमानात तीन गोष्टी कळल्या. एक, उन्हात काही दिसत नाही, ते वर सांगितलंच. दोन, एएसके-२३ चं पॅनेल म्हणजे जेमतेम एक ताट. त्यावर १० इंची पडदा लावला की वेगाचा काटा झाकला जातो. तीन, ग्लायडरची कॅनोपी म्हणजे काचघर. उड्डाणाच्या रांगेत उभं राहून वीस मिनिटं झाली की आत टोमॅटो पिकतील. टॅब्लेटने आधी चार्जिंग बंद केलं, मग प्रकाश आपोआप कमी केला, आणि शेवटी तापमापकाचं चित्र दाखवून मिटला. मी घरी तो बघून म्हणालो, वा, काय पडदा आहे. विमानात बसून बघितला असता तर हातही लावला नसता. आता त्यावर मुलगी कार्टून बघते.

क्लबातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने मग मला तिचं यंत्र दाखवलं. कोबोचं पाच इंची ई-रीडर, पुस्तकं वाचायचं, त्यावर एक्ससी-सोअर. मी आधी हसलो. तिने ते उन्हात धरलं. जितकं ऊन जास्त तितकं ते स्पष्ट, छापील वर्तमानपत्रासारखं. वीज नावाला खातं, हातमोजे घालूनही बोट लागतं. पण त्यात जीपीएसच नाही. तिच्या वडिलांनी नखाएवढं मॉड्यूल आत सोल्डर केलं होतं. आणि पडदा काळा-पांढरा, बदलायला वेळ घेणारा. पटकन नकाशा मोठा करावा तर आधीच्या चित्राची भुतं मागे रेंगाळतात. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं तर क्लबचा आगीचा विमा वाढेल. तरी खरं सांगायचं तर त्या सगळ्या प्रवासात मला मनापासून आवडलेलं यंत्र तेच.

शेवटी सॅमसंगचा टॅब ॲक्टिव्ह ३ घेतला, जुना, १४० युरोंना. हा मुळात गोदामात नि बांधकामावर वापरायचा, म्हणून दिसायला जाडाभरडा. आठ इंची, गुडघ्यावर किंवा पॅनेलच्या कडेला मावतो. त्याची बॅटरी काढता येते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. खिशात दुसरी भरलेली ठेवली की विमानाच्या विजेवर अवलंबून राहायला नको. घेताना विकणाऱ्याला रस्त्यावर उन्हात उभं केलं, पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवला आणि दहा मिनिटं गप्पा मारल्या. त्याला मी विक्षिप्त वाटलो असणार.

त्यावर चकाकी घालवणारी मॅट फिल्म चिकटवली, ८ युरो. या ८ युरोंनी जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही. पडदा थोडा धुरकट होतो, पण स्वतःचं तोंड दिसायचं थांबतं. तरीही एक दिवस तो चक्क काळा ठिक्कर झाला. बंद पडला म्हणून थोपटला, बटणं दाबली. मान तिरकी केली तर नकाशा दिसला! माझा गॉगल पोलराइज्ड होता. पडद्यातून येणारा प्रकाशही पोलराइज्ड असतो, दोघांचं एका कोनात जमतं, दुसऱ्यात फिसकटतं. टॅब्लेट आडवा होता तोवर ठीक होतं, उभा केला आणि काळोख. गॉगल बदलला.

विजेची गंमत वेगळीच. ग्लायडरमध्ये एक १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर रेडिओ, फ्लार्म (टक्कर टाळायला इशारा देणारं यंत्र), व्हेरिओ (किती वेगाने चढतोय-उतरतोय ते दाखवणारं) सगळं. त्यातून ५ व्होल्ट काढायला मी ऑनलाइन एक छोटा कन्व्हर्टर मागवला, ६ युरोंचा. लावला, टॅब्लेट चार्ज व्हायला लागला, मी खूश. पण रेडिओत सारखी खरखर. जवळचा आवाज कसाबसा येई, लांबचा नाही. अँटेना तपासला, हेडसेट तपासला, रेडिओलाही दोन शिव्या दिल्या. काका आले, टॅब्लेटची वायर उपटली. खरखर बंद. पुन्हा लावली, खरखर सुरू. एक शब्द न बोलता वायर माझ्या हातात ठेवून गेले. हे स्वस्त कन्व्हर्टर आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांचा गोंगाट नेमका विमानाच्या रेडिओच्या पट्ट्यात सांडतो. नीट आवरण असलेला २५ युरोंचा घेतला, वायरीला फेराइटचं कडं अडकवलं, तेव्हा रेडिओ शांत झाला.

त्याच वायरीने मला आणखी एकदा घाम फोडला. ग्लायडरमध्ये पिवळी मूठ ओढली की विंचची तार सुटते, निळा दांडा ओढला की पंखावरचे एअरब्रेक उघडतात. उड्डाणाआधीच्या तपासणीत काकांनी आत डोकं घातलं आणि बोटाने माझी वायर उचलली. तिचा एक सैल वेढा अगदी सहज पिवळ्या मुठीवर जाऊन बसला. विंचवर चढताना, नाक आभाळाकडे असताना ती मूठ आपली आपण ओढली गेली तर? किंवा ओढायची असताना अडली तर? त्या दिवशी मी उडालो नाही. वायर पॅनेलच्या मागून नेली, दर दहा सेंटिमीटरवर बांधली, आणि टॅब्लेटचा स्टँड असा बसवला की कॅनोपी फेकून पॅराशूटने बाहेर पडायची वेळ आलीच तर पायाला काही लागणार नाही. हे करायला पूर्ण शनिवार गेला. टॅब्लेट निवडायला लागले नव्हते तेवढे कष्ट.

मग फजितीही झाली. एक्ससी-सोअर सुरू होताना दोन बटणं दाखवतं: उड्डाण की सिम्युलेटर. हिवाळ्यात सोफ्यावर कॉन्डॉर न लावता नुसतं ॲप चाळताना सिम्युलेटरच दाबत होतो, बोटाला तीच सवय. विमानतळावरही तेच दाबलं. ४०० मीटरवर तार सुटली, मी वळलो, पडद्यावरचं विमान आपल्याच तंद्रीत सरळ चाललंय. अर्धा मिनिट मला वाटलं वाराच असा आहे.

काकांची एक अट होती. एकट्याने लांब जाण्याआधी त्यांच्याबरोबर दोनसीटीत एक फेरी. वर गेल्यावर त्यांनी मागून हात लांब करून आपली टोपी पुढे दिली आणि ती माझ्या टॅब्लेटवर अडकवायला लावली. "आता घरी ने." आम्ही ज्या थर्मलमध्ये होतो त्यात आणखी चार ग्लायडर फिरत होते. त्यांतलं एक मला टोपी पडल्यावर दिसलं.

२०२३ च्या मे महिन्यात दिवस मिळाला. सकाळी हँगरबाहेरच टॅब्लेट चालू करून ठेवला, कारण इंटरनेट नसलं की जीपीएसला पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो. ते काम रांगेत उभं राहून करू नये. सूचना बंद, अपडेट बंद, पडदा फिरणं बंद, निघेपर्यंत त्यावर पांढरा रुमाल. गुडघ्यावर घडी घातलेला कागदी नकाशा, त्यावर पेन्सिलने मारलेली रेघ: किर्खहाइम ते क्लिपेनेक, ७५ किलोमीटरच्या आसपास.

टेक किल्ल्याच्या डोक्यावर पहिला थर्मल मिळाला. होहेननॉयफेनचा पडका किल्ला, मग रॉयटलिंगेन, सगळं कडेकडेने. इथे एक बारकावा उपयोगी पडला. हवाई क्षेत्राच्या मर्यादा हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने मोजतात, जीपीएसने नाही. गरम दिवशी हवा फुगते आणि जीपीएस उंची जास्त दाखवतो. त्या दिवशी फरक ५०-६० मीटरचा होता. आमच्या एएसके-२३ मधला फ्लार्म ब्लूटूथवरून जोडता येतो. इतर ग्लायडर कुठे आहेत हे तो सांगतोच, शिवाय दाबाची उंचीही पुरवतो. ॲपने ती घेतली म्हणून इशारे वेळेवर आले, उगाच आधी नाही.

होहेनझोलर्नच्या किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा १,४५० मीटरवर होतो. क्लिपेनेक अजून २८ किलोमीटर, आणि ते स्वतःच ९८० मीटर उंचीवर. पडद्याच्या डाव्या कडेला लाल बाण खाली तोंड करून उभा: वजा सातशे, म्हणजे पोचायला तेवढे मीटर कमी. त्याच सुमाराला ऊन थेट समोरून आलं आणि टॅब्लेटने तापून प्रकाश कमी करायला सुरुवात केली. दोन मिनिटांत तो करडा झाला. मी बाजूची छोटी खिडकी उघडून गार हवेचा झोत त्याच्यावर वळवला आणि बाहेर बघायला लागलो. सुळक्यावरचा तो किल्ला असा आहे की त्याला दुसरं काही समजणं अशक्य, राजगड ओळखायला कुणी जीपीएस लावतं का? कागदावर बोट ठेवलं, मी इथे. त्याच्या पलीकडे पठाराच्या टोकावर एक ढग काळसर तळ घेऊन बसला होता. गेलो. सेकंदाला दोन मीटरने चढायला लागलो, २,००० मीटर, २,१०० मीटर. वर गारवा होता, टॅब्लेट शुद्धीवर आला. बाण छोटा झाला, मग हिरवा.

तरी मी काकांचं गणित धरूनच गेलो, वाटेत आणखी एक थर्मल घेऊन. क्लिपेनेकला तीनशेच्या वर शिल्लक ठेवून पोचलो, उतरलो, टॅब्लेट आधी सावलीत ठेवला आणि मग स्वतः पाणी प्यायलो. क्लबचे दोघं ट्रेलर घेऊन न्यायला आले. रिवाजाप्रमाणे त्यांचं जेवण माझ्याकडून, ते ४६ युरो बजेटात धरलेले नव्हते.

रात्री उड्डाणाचा माग हडपसरला बाबांना पाठवला. त्यांनी बराच वेळ तो फोनवर मोठा करकरून पाहिला. मग फोन आला.

"सगळं ठीक दिसतंय रे. फक्त सरळ जायचं सोडून मध्ये मध्ये या जिलब्या कशाला पाडल्यास?"